झाड वाकलं नाही

१

मर्ल क्वालेच्या दुकानात मागच्या बाजूला, खताच्या पोत्यांपलीकडे, विजेच्या तारांचा एक जुना लाकडी खांब जमिनीत पुरलेला होता. हरणाच्या शिकारीची झोळी बघायला गिऱ्हाईक आलं की मर्ल त्याला त्या खांबावर टांगायचा आणि कॉफी आणायला जायचा. मुद्दाम सावकाश जायचा.

ही झोळी म्हणजे कमरेला बांधून मांड्यांखाली घ्यायचं जाड कापड. धनुष्यवाला शिकारी सुट्या पायऱ्या पट्ट्यांनी खोडाला आवळत वर चढतो, ताटाएवढा एक धातूचा पाट खोडाला जखडतो, त्यावर पाय टेकतो आणि दोराने खोडाशी बांधून घेऊन मागे रेलतो. धड बसलेला नाही, धड उभा नाही. दिवस संपला की सगळं सोडवून पाठीवर मारायचं आणि उद्या दुसरं झाड. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात अर्धा तालुका शरदात असा झाडांना लटकलेला असायचा, आणि त्यातल्या बहुतेकांना मर्लनेच लटकवलेलं असायचं.

"पाच मिनिटांत कुठलीही झोळी आईच्या मांडीसारखी वाटते," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "अर्ध्या तासानं ती खरं बोलायला लागते. तोवर तुम्ही लटका, मी आलोच."

मॅडिसन शहराहून आलेला एक दातांचा डॉक्टर त्या खांबावर झोपून गेला होता. मर्लने दुकान बंद केलं, घरी जाऊन जेवला, परत येऊन त्याला जागं केलं. डॉक्टरने दोन झोळ्या नेल्या. एक शिकारीसाठी आणि एक, म्हणाला, सासुरवाडीला जाताना लागेल. ही गोष्ट मर्ल दर हंगामात सांगायचा आणि दर हंगामात डॉक्टर जरा जास्त घोरायचा.

पण लोकांना आराम विकणाऱ्या मर्लला स्वतःला आराम नव्हता. त्याचा उजवा खुबा झिजला होता. झोळीचा पट्टा कुठेही सरकवला तरी तासाभरात तिथे खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. गेल्या वर्षी तो झाडावरून उतरला तेव्हा त्याची बायको आर्डिस गाडीपाशी उभी होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि घरी जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

या वर्षी हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी बोलली.

"यंदा तसं तोंड करून खाली उतरलास ना मर्ल, तर झाड बंद. मग क्लीटसच्या शेतातल्या खोक्यात बसायचं. तिथे हीटर आहे."

"खोक्यात म्हातारे बसतात."

"मग तू कोण? नवरदेव?"

मर्ल हसला. ती हसली नाही. तिने हात पुढे केला आणि सौद्यावर देतात तसा त्याला हात द्यावा लागला. दिलेला हात मागे घेणारा माणूस मर्ल नव्हता, हे तिला ठाऊक होतं. जमिनीवरच्या लाकडी खोक्यात बसून हरीण मारणं म्हणजे त्याच्या लेखी खुर्चीत बसून पोहणं होतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो झाडांत होता. झाड बंद झालं असतं तर पुढच्या शरदांचं काय करायचं, हे त्याला खरोखर माहीत नव्हतं.

२

ऑक्टोबरभर त्याने सगळं करून पाहिलं. झोळीचा पुढचा दोर लांब केला, आखूड केला. झाडाचा दोर डोक्याच्या वर बांधला, मग छातीशी बांधला. मोठा पाट घेतला, पाठीला पट्टा लावला, गुडघ्यांना गाद्या बांधल्या. दुकानातला एकही नग त्याने सोडला नाही. प्रत्येकाने थोडी सवलत दिली आणि मग खुब्यात खिळा.

शेवटी त्याने झाडाकडे लक्ष दिलं. गिऱ्हाईक सामानावर हुज्जत घालतं आणि झाड विसरतं, हे तो नेहमी सांगायचा. या वेळी स्वतःला सांगितलं. ओकच्या जाड झाडावर गुडघे फाकतात आणि खुबा उघडतो. बारीक झाड माणसाबरोबर डुलत राहतं आणि अंग दिवसभर नकळत सावरत बसतं. त्याला मधलं हवं होतं.

ते त्याला क्लीटस झिमाच्या जमिनीवर मिळालं. क्लीटस त्याचा शाळेपासूनचा मित्र. गाई, मका आणि बडबड या तिन्हींत सधन. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथून हरणं मक्याकडे उतरतात, तिथे मेपलचं एक सरळसोट झाड होतं. खोड रुंदीला कोपरापासून मनगटापर्यंत. आजूबाजूला मोकळं.

मर्ल पायऱ्या लावत चढला आणि घराच्या छपराएवढ्या उंचीवर पाट जखडला. या जाडीचं झाड माणूस रेलला की त्याच्या बाजूला किंचित झुकतं. म्हणून जाणता माणूस पाटाची बाहेरची कड आधीच दोन बोटं वर चढवून लावतो. वजन पडलं की झाड झुकतं आणि पाट सपाट होतो. मर्लने तसाच लावला. मग झोळीत मागे रेलला.

पाटाची कड वरच राहिली.

त्याने टाचा दाबून पाहिल्या. त्या उचललेल्याच होत्या. त्याने अंग झोकून वजन टाकलं, दोर ताणला गेला, पण शेंडा हलला नाही. खोड ओळंब्याला धरल्यासारखं उभं होतं.

"घट्ट आहे की गडी," मर्ल झाडाला म्हणाला, आणि पाट सोडवून सपाट लावला.

३

त्या दिवशी खुबा दुखला नाही.

दुपारच्या उन्हात त्याने घरून आणलेलं सॉसेज खाल्लं, चीजचे तुकडे खाल्ले, दोन माद्या आणि एक कोवळा नर खालून जाऊ दिले. दिवे लागायच्या वेळी उतरला तेव्हा त्याला आठवण झाली की आज दुखायचं राहून गेलं.

आर्डिसने चेहरा निरखून पाहिला. "काही गोळी घेतलीस?"

"झाड मिळालं."

"झाडाने खुबा बरा होतो?"

"झाड हलत नाही ना. अंगाला सावरावं लागत नाही." हे बोलताना त्याला ते पटलं. तिथे खाली चुनखडक आहे. मुळांनी खडक धरला असणार. दुकानातला खांबसुद्धा हलत नाही. मग खांबावर लटकताना खुबा का दुखतो, हा प्रश्न त्याच्या मनात आला, पण जेवण वाढलेलं होतं.

मग तो रोज तिथेच जाऊ लागला. रोज सामान सोडवून आणायचा त्याचा नेम त्याने मोडला आणि पायऱ्या, पाट, दोर सगळं झाडावरच ठेवलं. गिऱ्हाइकांना तो हे कधी करू देत नसे. जागा जास्त वापरली की हरणं ओळखतात, असं सांगायचा.

हरणं मात्र येत राहिली. एवढंच की झाडाच्या दोन्ही बाजूंना येत आणि मान वर करून बघत. ती मर्लच्या बाजूला कमी बघत.

४

"दाखव तरी तुझं सिंहासन," क्लीटस म्हणाला आणि एका रविवारी चर्चमधून परस्पर आला, चांगल्या पॅन्टवरच झोळी चढवून.

मर्ल खाली उभा राहिला. क्लीटस धापा टाकत वर पोचला, दोरात अडकला आणि रेलला. मेपल करकरलं आणि सगळ्या शेंड्यासकट त्याच्या बाजूला झुकलं.

"अरे शेठ!" क्लीटस वरून ओरडला. "पाट सपाट लावलायस! घसरतोय मी. सगळ्या तालुक्याला दोन बोटं वर लावा म्हणून शिकवतोस, आणि स्वतः?"

"माझ्या वजनाला वाकत नाही ते."

"म्हणजे मी जाडा?"

"मी कुठे म्हणालो?"

"झाड म्हणालं." क्लीटस स्वतःच्याच विनोदावर हसला, पायाने ढकलून खोडाभोवती फिरला आणि दुसऱ्या बाजूला गेला. तिथे तो थोडा वेळ गप्प होता. क्लीटस गप्प झाला की लोक घड्याळ बघत.

"दोन्ही बाजूंनी बसतोस वाटतं," तो म्हणाला. "या अंगाची साल गुडघ्यांनी पार गुळगुळीत केलीयस. आमच्या टेबलासारखी झालीय."

मर्ल वर पाहत होता. त्याच्या बाजूची साल, गुडघ्यांच्या गाद्यांमुळे, जरा काळवंडली होती, इतकंच. दुसऱ्या बाजूला तो एकदाही गेला नव्हता.

"हो," तो म्हणाला.

आपण हो का म्हणालो, याचा त्याने गाडीत बसल्यावर विचार केला. गिऱ्हाइकाने मालात खोट दाखवली की त्याची जीभ आपोआप माल सांभाळून घ्यायची. तीच सवय असणार. क्लीटसच्या वजनाचंही तसंच. क्लीटस खरोखर जाडा होता.

५

नोव्हेंबरात नर हरणं माद्यांमागे लागतात आणि भर दिवसा फिरतात. शिकारी उजाडल्यापासून मावळेपर्यंत झाडावर राहतो. मर्लचा खुबा एका बाळाच्या खुब्यासारखा झाला होता. तो दुकानात गिऱ्हाइकांपुढे उकिडवा बसून दाखवू लागला.

झाडावर मात्र त्याला एक आवाज ऐकू येऊ लागला होता.

माणूस झोळीत कूस बदलतो तेव्हा दोर सालीवर घासतो आणि बारीक कुरकुरतो. मर्लला तो आवाज घरच्या जिन्यासारखा ओळखीचा होता. तो डावीकडे सरकला की दोर कुरकुरायचा. मग तो थांबायचा, आणि दोर पुन्हा एकदा कुरकुरायचा.

दोर ताणला की सैल व्हायला वेळ लागतो. थंडीत जास्तच. हे बरोबर होतं. म्हणून तो एकदा बराच वेळ अगदी निश्चल राहिला. वारा नव्हता. खाली ओढ्याच्या काठावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. दोर गप्प होता. त्याला बरं वाटलं, आणि त्याने सुस्कारा सोडला.

खोडाच्या पलीकडून वाफेचा एक ढग बाहेर आला आणि विरला.

आपलीच वाफ खोडाला वळसा घालून गेली असेल, असं त्याने ठरवलं. मग तो हिशेब करू लागला. त्याच्या डोक्याला तेवढंच जमत होतं. खोड एवढं रुंद, आपण त्याच्यापासून एवढे लांब. अगदी समोरासमोर, त्याच उंचीवर, तेवढाच दोर सोडून कुणी रेललं असेल, तर या जाडीच्या खोडाआड एक माणूस लपतो. जेमतेम लपतो. अंगाने मर्लएवढा असेल तर.

त्याने मान डावीकडे झुकवून पलीकडे पाहिलं. दोर कुरकुरला. पलीकडे ओढा होता, मका होता, क्लीटसच्या पडवीवरचा निळा पत्रा होता. त्याने चटकन उजवीकडे पाहिलं. तिकडेही जंगलच.

दुकानातल्या खांबावर तो प्रत्येक नवशिक्याला हेच शिकवायचा. हरीण उजवीकडे आलं की तुम्ही डावीकडे सरका. डावीकडे गेलं की उजवीकडे. घाई नाही, धक्का नाही. खोड नेहमी दोघांच्या मध्ये राहिलं पाहिजे. बहुतेकांना दोन-तीन हंगाम लागतात. पलीकडचं काम फार सफाईदार होतं.

तो उतरला नाही. खरं तर तेव्हा उतरायला हवं होतं. पण उतरलो तर आर्डिसला काय सांगायचं, हे त्याला सुचेना. आणि खुबा दुखत नव्हता.

६

मोठा नर आला तो दुपारी, ऊन पिवळं पडल्यावर. मान फुगलेली, शिंगं खुरपणीच्या दाताळ्यासारखी रुंद. मर्लने धनुष्य उचललं. नर थेट झाडाकडे चालत आला आणि पलीकडच्या बाजूला बुंध्याशी थांबला. त्याने मान वर केली.

तो घाबरला नव्हता. हरीण माणसाला बघतं तेव्हा पाय आपटतं, फुरफुरतं, शेपटीचा पांढरा झेंडा वर करून पळतं. हे नुसतं पाहत उभं होतं. दूध काढायच्या वेळी क्लीटसच्या गाई फाटकाशी उभ्या राहतात तसं.

नेम धरायचा तर खोडाला वळसा घालून जाणं भाग होतं. मर्लने पाटाच्या कडेवर पाय सरकवला आणि सगळ्या आयुष्यात सरकला नसेल इतक्या हळू तो उजवीकडे फिरला. झाडातून एक कंप गेला. तो फिरत होता तेवढंच पलीकडचं वजन फिरत होतं. मग त्याने तत्त्व मोडलं. धक्का देऊन एकदम उलट्या दिशेने, डावीकडे झेपावला.

खोडाच्या कडेला एक गुडघा होता.

वाकलेला, सालीला टेकलेला, त्याच्या गुडघ्याच्या अगदी समोर. त्यावर गादी नव्हती, कापडही नव्हतं, आणि ती कातडी असेल तर तिचा रंग मेपलच्या जुन्या फांदीसारखा होता. तो गुडघा ओशाळल्यासारखा खोडाआड गेला. खाली नर हरीण वळलं आणि संथ पावलांनी निघून गेलं.

मर्लने धनुष्य फांदीला अडकवलं.

उतरायची एक रीत आहे. झाडाचा दोर सोडायच्या आधी कमरेचा दोर खोडाभोवती घ्यावा लागतो, म्हणजे माणूस खाली येईपर्यंत खोडाला बांधलेला राहतो. त्यासाठी छाती खोडाला लावायची, गाल सालीला टेकवायचा, झाडाला मिठी मारायची आणि एका हाताने दोराचं टोक पलीकडून फेकून दुसऱ्या हाताने पकडायचं. पलीकडे दिसत नाही. जाड कोटात पहिल्या फेकीत ते कुणालाच जमत नाही. दोर हुकतो, लोंबतो, शिव्या देत पुन्हा फेकावा लागतो.

तो बराच वेळ दोर हातात घेऊन राहिला. न बांधता उतरावं, असा विचार त्याने केला. मग पायांखालची उंची पाहिली.

त्याने मिठी मारली. डोळे मिटले. दोर फेकला आणि डावा हात पलीकडे उघडा धरला.

टोक त्याच्या तळहातावर ठेवलं गेलं. हलकेच, गिऱ्हाइकाच्या हातात सुटे पैसे ठेवावेत तसं. मग त्याची बोटं त्याच्यावर मिटवली गेली.

तो खाली कसा आला, ते त्याने पुढे कुणालाही सांगितलं नाही. धनुष्य, पिशवी, सगळं वरच राहिलं. शेवटच्या पायरीवरून त्याचे पाय जमिनीला लागले आणि त्याच क्षणी उजव्या खुब्यात खिळा शिरला. त्याच्यामागे करकर आवाज झाला. त्याने वळून पाहिलं.

मेपल पलीकडच्या बाजूला झुकत होतं. सावकाश, एका माणसाच्या वजनाएवढं. आणि झुकलेलंच राहिलं.

७

"नाही जमलं," त्याने आर्डिसला सांगितलं. "झाड बंद."

तिने इतके दिवस वाट पाहिलेली जीत हातात आली होती. तिने त्याला खुर्चीत बसवलं, गरम पाण्याची पिशवी खुब्याशी ठेवली आणि ब्रँडी ओतली. तिच्या स्वतःच्या ग्लासातही ओतली.

मर्ल क्लीटसच्या खोक्यात बसू लागला. हीटर होता, पाठ टेकायला खुर्ची होती, खिडकीला सरकती काच होती. खुबा खुर्चीत दुखायचा. गाडीत दुखायचा. काउंटरमागे उभं राहिलं की दुखायचा आणि अंथरुणात कूस बदलताना त्याच्या तोंडून आवाज निघायचा. पूर्वी तो एवढा दुखत नव्हता. की पूर्वी त्याला न दुखणं माहीत नव्हतं, हे त्याला सांगता येईना.

गिऱ्हाइकं विचारायची, सगळ्यात आरामशीर काय? तो झोळ्या काढून दाखवायचा. डॉक्टरची गोष्ट मात्र त्याने या हंगामात सांगितली नाही.

"तुझं सामान आणू का काढून?" क्लीटसने विचारलं. "बर्फात गंजेल. मी चढतो उद्या."

"तू नको. मी आणतो," मर्ल म्हणाला. जरा जोरातच. मित्राची काळजी वाटली म्हणून की मत्सर म्हणून, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

डिसेंबरात एका स्वच्छ दुपारी आर्डिसने त्याला शेताच्या कडेपर्यंत गाडीने नेलं. गुडघाभर बर्फ होता.

"फक्त धनुष्य आणि पिशवी," ती म्हणाली. "बाकीचं राहू दे. आणि तू वर चढायचं नाहीस. काठीने पाड."

"काठीने पाडतो."

"मर्ल. हात दिलायस."

"दिलाय की."

तो लंगडत ओढ्याच्या वर गेला. मेपलभोवती बर्फ कोरा होता. हरणांच्या खुरांची रांग मात्र सगळ्या बाजूंनी येऊन पलीकडच्या अंगाला बुंध्याशी थांबलेली होती. झाड अजून झुकलेलं होतं. वर फांदीला धनुष्य लटकत होतं, काठी पोचणार नाही इतकं उंच. पाटावर बर्फ नव्हता. कुणीतरी झाडलेला असावा, तसा तो स्वच्छ होता.

मर्ल बराच वेळ खाली उभा राहिला. दुखणं खुब्यातून पाठीत आणि पाठीतून दातांत चढलं होतं. त्याने नुसतं बघायचं म्हणून सगळ्यात खालच्या पायरीला हात लावला. मग त्यावर पाय ठेवला.

दुखणं थांबलं. दिवा मालवल्यासारखं.

शेताच्या कडेहून गाडीचा हॉर्न वाजला. थोडा वेळ गेला आणि पुन्हा वाजला, या वेळी लांब, हात दाबून धरल्यासारखा. मर्लने मान वळवली नाही. त्याने दुसरा पाय वर घेतला, आणि शेंड्यावरचा बर्फ भुरभुर खाली आला. मेपल त्याच्यासाठी सरळ होत होतं.